जपून ठेवलेली करवत

करवत बोलायला लागली की माणसं आधी कानांवर हात ठेवतात. ठेवू नका. पेट्रोलवर चालणारी असले तरी माझा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही. आयुष्याची पहिली दोन वर्षं मी मौनव्रतात काढली, आणि तेसुद्धा स्वतःच्या इच्छेने नाही. आता बोलायची संधी मिळालीय, तर जरा सविस्तर बोलते.

माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझे अवयव निरनिराळ्या मुलखांतून आले होते. एका फिटरने ते जोडले, साखळी ताणून बसवली आणि बाहेर पाठवण्याआधी एकदा मला सुरू करून बघितलं. समोर बाभळीचा ओंडका होता. मी तो कापला तेव्हा भुसा उडून फिटरच्या चहात पडला. तो रागावला नाही. "कामाची आहे," एवढंच म्हणाला आणि चहा तसाच प्यायला. मग त्याने माझी टाकी रिकामी केली, मला पुसलं आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरून चिकटपट्टी मारली.

तिथून मी आले नौपाड्यात. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर 'हरितहस्त प्रतिष्ठान' नावाच्या संस्थेचं ऑफिस होतं. खेड्यापाड्यांतल्या तरुणांना जंगलातली कामं शिकवायची आणि रोजगाराला लावायचं, हे संस्थेचं ध्येय. ते फ्रेम करून भिंतीवर लावलेलं होतं. त्यासाठी एका मोठ्या कंपनीने निधी दिला होता.

निधी म्हटलं की तुम्ही लगेच कुणी किती खाल्ला याचा हिशेब करायला बसता. तसं काही नव्हतं हो! इथे कुणी एक पैसा खाल्ला नाही. सगळा निधी अगदी प्रामाणिकपणे खर्च झाला. फ्लेक्स झाले, हिरवे टी-शर्ट झाले, टोप्या झाल्या, पाठीवरच्या पिशव्या झाल्या, पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं, उद्घाटनाला पनीरचं जेवण झालं. माझ्यासाठीही मंजुरी होती. पेट्रोलसाठी मात्र नव्हती. प्रस्तावात 'यंत्रसामग्री' असा हेड होता, 'पेट्रोल' असा नव्हता. आणि हेड नसलेला खर्च करणं म्हणजे ऑडिटला स्वतःहून आमंत्रण देणं. त्यामुळे घोडा आला, चारा राहिला.

संस्थेच्या प्रमुख कल्पिता मॅडम. बाई सज्जन, कष्टाळू. सकाळी ऑफिसचं कुलूप स्वतः उघडायच्या. पण त्यांना एक खोड होती, जपायची. खुर्च्या येऊन तीन वर्षं झाली तरी त्यांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं, आणि बसणारा माणूस उठताना चर्रर्र आवाज करून उठायचा. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात, स्टाफला कागदी कप. एसीचा रिमोट पिशवीत. अशा बाईच्या पदरी मी पडले.

"प्लॅस्टिक काढू नका हं," त्या म्हणाल्या. "कंपनीचे लोक बघायला येणार आहेत. नवीन दिसली पाहिजे."

कंपनीचे लोक आले, माझ्यासोबत फोटो काढून गेले. मग मॅडम म्हणाल्या, ऑडिट होऊ दे. ऑडिट झालं. मग म्हणाल्या, पुढचा हप्ता येऊ दे. खंडेनवमीला मला टेबलावर ठेवून झेंडूची माळ घातली आणि हळदकुंकू वाहिलं, तेही प्लॅस्टिकवरून. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात. माझे नुसते दाखवायचेच होते.

प्रशिक्षण मात्र झालं. आंबिवलीच्या पलीकडच्या एका गावात, समाजमंदिराच्या हॉलमध्ये, पंचवीसेक मुलामुलींची बॅच बसली. शिकवायला इनास सर. हे कोलशेतच्या बाजूचे, उतारवयाचे ख्रिस्ती गृहस्थ. उभी हयात झाडं तोडण्याच्या ठेकेदाराकडे गेलेली. त्यांना माझ्या जातीची खडान्‌खडा माहिती होती, पण मानधन घेतल्यावर तोंड उघडायचं नाही, हा शहाणपणाही होता. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या चिकटपट्टीला नख लावलं. मॅडम मागून म्हणाल्या, "सर, वरूनच दाखवा ना. दिसतं की सगळं." सरांनी नख काढून घेतलं.

तेव्हा सुरू झाला तो अद्भुत अभ्यासक्रम. मी समोरच्या टेबलावर, आणि मुलं रांगेत उभी. "उजवा पाय मागच्या मुठीत समजा! डावा हात पुढच्या दांड्यावर समजा! आता दोरी ओढा!" पंचवीस हात एकदम हवेत मागे जायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हास्यक्लब चाललाय. राजरत्न नावाचा एक उंच मुलगा होता. शांतता सहन न होऊन तो तोंडाने "घुर्रर्रर्र" असा आवाज काढायचा. आवाज इतका हुबेहूब की मलाच हेवा वाटे. मग सगळे मिळून हवेतलं झाड पाडायचे. ते कधीही चुकीच्या बाजूला पडलं नाही.

या सगळ्यात एकटी मृणाल हसत नव्हती.

मृणाल चोवीस वर्षांची. समाजमंदिरामागच्या घरात ती आणि तिची आई रंभा, दोघीच. रंभाबाई एका खानावळीत पोळ्या लाटतात. मृणाल भिवंडीच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्टी मारायची आणि घरी येऊन पाय भिंतीला लावून पडायचं, असं तिचं चाललं होतं. तेव्हा तिला कळलं की ठाण्यातली एक कंपनी शहापूरकडच्या जंगलात जाळरेषा काढायचं काम घेते. आग पसरू नये म्हणून झाडंझुडपं काढून मोकळा पट्टा करतात, ती जाळरेषा. त्यासाठी त्यांना आसपासच्या गावांतली शिकलेली माणसं हवी होती. कायमची नोकरी, पीएफ, बूटसुद्धा त्यांचे. मृणालने गोदाम सोडलं आणि या बॅचला नाव घातलं. आईने विचारलं, "आणि नाय झालं तर?" ती म्हणाली, "शिकवणारेत ना ते. का नाय होणार?"

एवढा भाबडा विश्वास माझ्याबद्दल आजवर कुणी दाखवला नव्हता, त्यामुळे मला तर बाई लाजच वाटली.

प्रमाणपत्रं वाटली गेली. त्यावर झाडाचं चित्र होतं आणि 'प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण' असं सोनेरी अक्षरांत. पुढे डिसेंबरात त्या जाळरेषावाल्या कंपनीचा सुपरवायझर ॲड्रियन चाचणी घ्यायला आला. आंबिवलीजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर काही झाडं आडवी पडली होती, तिथे. कल्पिता मॅडमनी मलाही आणलं होतं. टेबलावर चादर, चादरीवर मी, मागे फ्लेक्स.

ॲड्रियनने स्वतःची जुनी, काळीकुट्ट करवत जमिनीवर ठेवली. "चला, कोण पहिला? चालू करून दाखवा फक्त."

मृणाल पुढे झाली. पाय बरोबर, हात बरोबर, पाठ बरोबर. बघत राहावं अशी उभी राहिली. आणि तिने दोरी ओढली. अहो, हवेतली दोरी फार गुणी असते, पाहिजे तेवढी येते. ही आली नाही. वीतभर येऊन अडली आणि उलटा हिसका देऊन तिच्या हातातून निसटली. तिने पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओढायला हात मागे गेला आणि सवयीने, बिचाऱ्याच्या मनात काही नसताना, मागून राजरत्नच्या तोंडातून निघून गेलं, "घुर्रर्रर्र."

सगळे हसले. ॲड्रियनही हसला. मृणालचे कान लाल झाले.

"ट्रेनिंग कशावर केलं यार तुम्ही?" ॲड्रियनने विचारलं.

मृणालने माझ्याकडे बोट केलं. तो टेबलापाशी आला, प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं, वाळलेलं हळदकुंकू बघितलं. मग मान वर करून मॅडमकडे बघितलं. मृणालला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, तुला उभं राहता येतं. बाकी काय नाय येत. दोन आठवड्यांनी टीम निघते. त्याच्या आधी एक दिवस परत येतो. जमलं तर जमलं, नायतर मला दुसरे बघायला लागतील."

म्हणजे दोन आठवडे. गोदामातली जागा भरली गेली होती, आणि इथली अजून मिळाली नव्हती.

मॅडमच्या गाडीत पाहुणे बसल्यामुळे मला नौपाड्याला पोचवायचं काम इनास सरांकडे आलं. मृणाल म्हणाली, मीही येते, मॅडमशी बोलायचंय. निघण्याआधी दोघं स्टेशनजवळच्या टपरीवर चहाला थांबले. मी बाकावर, मध्ये.

"सर, तुम्हाला माहीत होतं ना?" मृणालने विचारलं. "दोरी अशी हिसका देते ते?"

"माहीत व्हता बाय." सरांनी मान खाली घातली. "पन बोलून काय उपेग? ती बाई काय काढू देनार नाय प्लॅस्टिक. आमच्या घरी डॉरिस तशीच. लग्नातल्या कपबश्या अजून कपाटात. चाळीस वरसं मी श्टीलच्या पेल्यात चाय प्यालो. मंग एक दिवस पुसताना एका कपाचा कान तुटला. डॉरिस रडली. आनि दुसऱ्या दिवशी त्याच कपात मला चाय दिली! म्हनली, आता काय, तुटलाच हाय, तू वापर."

मृणालने चहा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला काही ठीक वाटली नाही.

स्कूटरवर मागे बसून, मला मांडीवर घेऊन ती ठाण्याला आली. ऑफिसात शिरल्यावर आधी तिने सरळ मार्गाने विचारून बघितलं.

"मॅडम, दोन आठवडे मशीन द्या ना. फक्त शिकायला. मी लिहून देते."

"अगं, तुझी अडचण मला कळत नाही का?" मॅडम म्हणाल्या, आणि खरंच त्यांना कळत होती, चेहरा कसनुसा झाला होता. "पण पुढच्या महिन्यात निधीवाल्या कंपनीची परत भेट आहे. तेव्हा काय दाखवू?"

"मॅडम, मशीन घेतलीय कोणासाठी?"

"तुमच्याचसाठी! म्हणून तर एवढी जपतेय."

आता गंमत बघा. मी दोन वर्षं ज्यांच्यासाठी जपली जात होते, त्यांच्यातलीच एक समोर उभी होती आणि तिच्यापासूनच मला जपायचं चाललं होतं. मृणालने कपाटाकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं मॅडम. मी ठेवते कपाटात."

लोखंडी कपाटाच्या दाराची कड गंजून धारदार झाली होती. मृणालने मला उचललं, कडेशी आणलं आणि अगदी हळू म्हणाली, "सॉरी हां." मग तिने माझी कूस त्या कडेवर दाबली आणि वरपासून खालपर्यंत ओढली. आधी प्लॅस्टिक फाटलं, मग माझा नारिंगी रंग, मग आतलं पांढरं दिसायला लागलं. दुखलं, खोटं कशाला बोलू! पण दोन वर्षांत पहिल्यांदा मला वारा लागला. इनास सरांनी सगळं बघितलं आणि ते खिडकीतून खालची रहदारी मोजायला लागले.

"मॅडम, ओरखडा पडला."

कल्पिता मॅडम धावत आल्या. ओढणीच्या टोकाने पुसून बघितलं. पुन्हा पुसलं. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या! "अगं, जरा जपून नाही का... आता ही कुणापुढे ठेवायची?"

सर खिडकीपासूनच म्हणाले, "आता काय मॅडम, प्लॅस्टिक बी फाटला. वापरातच काढा आता."

मॅडमनी मोठा सुस्कारा टाकला. "हो, आता काय. ने बाई, तुमच्याकडेच ठेव. शिका तरी त्यावर."

माझी शोभा संपली आणि त्याच संध्याकाळी माझा संसार सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरामागे, पडलेल्या सुबाभळीपाशी, सगळी बॅच जमली. पेट्रोलला अजूनही हेड नव्हता, म्हणून इनास सरांनी नळी लावून स्वतःच्या स्कूटरमधलं काढलं, त्यात ऑइल मिसळलं आणि माझ्या टाकीत ओतलं. मृणालने दोरी ओढली. मी खोकले. पुन्हा ओढली. मला तर वाटलं, संपलं, आपल्याला आता काही जमायचं नाही, बसून बसून आपण शोभेच्याच झालो. पण पोरगी सोडेना. ओढून ओढून तिच्या दंडाला गोळे आले तेव्हा कुठे माझ्या छातीत काहीतरी पेटलं आणि मी ओरडले. काय ओरडले मी! शेजारच्या कोंबड्या पळाल्या. रंभाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"अगं बंद कर ते! मान्सं काय म्हनतील?"

माणसं आली, पण काही म्हणाली नाहीत, बघत उभी राहिली. मृणाल मात्र घाबरली होती. मी थरथरते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हवा कशाला थरथरेल? त्या रात्री तिला घास उचलता येईना, बोटं बधिर झाली होती, रंभाबाईंनी भरवलं. "सोड हा नाद," त्या म्हणाल्या. "गोदामात इचार परत." मृणाल नुसती मान हलवत राहिली. सकाळी ती पुन्हा हजर होती.

रोज शिकणं चाललं. साखळी अडकली की जोर करायचा नाही, बंद करून पाचर ठोकायची. झाड पडायच्या आधी पळायची वाट बघून ठेवायची. या सगळ्या साध्या गोष्टी, ज्या पनीरच्या जेवणानंतर आणि आभारप्रदर्शनाआधी सांगायच्या राहून गेल्या होत्या. राजरत्नने पहिल्या दिवशी मला हातात घेतलं आणि मी सुरू झाले तेव्हा त्याचं तोंड आपोआप मिटलं. त्यानंतर त्याने तो आवाज कधी काढला नाही. बॅचमधली निम्मी मुलं मात्र एकदोनदा येऊन गेली आणि मग कुणी रिक्षावर, कुणी गोदामात लागली. वर्ष त्यांचं वाया गेलंच होतं. सर रोज संध्याकाळी स्कूटर ढकलत पंपापर्यंत जायचे.

ठरल्या दिवशी ॲड्रियन समाजमंदिरामागे आला. मृणाल म्हणाली, "सर, मी आमच्या मशीनवर देते." त्याने माझा ओरखडा बघितला, तेलकट अंग बघितलं आणि भुवई उंचावली.

दुसऱ्या ओढीत मी सुरू झाले. समोर शिरीषाचं जाड खोड होतं, उतारावर आडवं पडलेलं. अर्ध्यात गेले आणि खोडाने मला दातांत धरलं. माझी साखळी जागीच थांबली. मागे सगळे एक पाऊल पुढे सरकले. मृणालने घाई केली नाही. मला बंद केलं, पाचर घेतली, ठोकली, फट उघडली, मला सोडवलं, पुन्हा सुरू केलं. खोड दुभंगलं आणि एक तुकडा घरंगळत खाली गेला, तिचे पाय जिथे नव्हते त्या बाजूला.

"बुटाचा नंबर काय तुझा?" ॲड्रियनने विचारलं.

ती 'पाच' म्हणाली आणि तिथेच भुशात बसून रडली. मागच्या चाचणीत सगळ्यांसमोर हसं झालं तेव्हा रडली नव्हती, ती आता रडली. रंभाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, आणि मला बंद करायचं सगळे विसरले, म्हणून मी आपली शेजारी घुर्रर्र करत होते.

मृणाल आणि राजरत्न धरून बॅचमधल्या सहाजणांना काम मिळालं. संस्थेच्या अहवालात मात्र पंचवीसच्या पंचवीस प्रशिक्षित झाले. अहवालाच्या मुखपृष्ठावर माझाच फोटो आहे, प्लॅस्टिकमधला. निधी देणारी कंपनी एवढी खूश झाली की लगेच दुसऱ्या बॅचला निधी मंजूर झाला आणि त्यातून एक नवीन करवत आली. माझी धाकटी बहीणच म्हणा. ती त्याच कपाटात आहे, त्याच वेषात. दुसरी बॅच हवेतली झाडं पाडतेय.

मला खराब म्हणून नोंदवून टाकलं गेलं. मी आता रंभाबाईंच्या खाटेखाली राहते. मृणाल सुट्टीला घरी आली की दुसऱ्या बॅचची मुलं समाजमंदिरामागे जमतात आणि ती त्यांना माझ्यावर शिकवते. माझे दात झिजलेत, अंगाला तेलाचा वास आहे, दोरी एकदा बदलून झाली. फार वर्षं काही मी टिकणार नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पैसे देणाऱ्या थोरामोठ्यांना एवढंच सांगणं आहे की जरूर द्या, गावांना गरज आहे. पण बघायला याल तेव्हा फोटो मागू नका. मुलांचे तळहात मागा बघायला.

गेल्या रविवारी कल्पिता मॅडम अचानक आल्या. मृणालला सत्काराला बोलवायचं होतं. आल्या तेव्हा दुसऱ्या बॅचची एक मुलगी मला सुरू करायला झगडत होती. मॅडम बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मृणालने मला त्यांच्यासमोर ठेवलं.

"मॅडम, तुम्ही ओढून बघता?"

"मी? अगं, मला कुठे..." असं म्हणत म्हणत त्यांनी पर्स बाजूला ठेवली. मृणालने त्यांचा पाय मुठीत ठेवून दिला. तिसऱ्या ओढीला मी सुरू झाले. त्या किंचाळल्या, पण हात सोडला नाही. दोन वर्षं त्यांनी मला पोटच्या पोरीसारखी जपली, आणि माझा आवाज मात्र त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. बंद केल्यावर त्यांनी स्वतःचे लाल झालेले तळहात उलटसुलट बघितले. मग माझ्या ओरखड्यावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत.

निघताना सत्काराचा विषय त्यांनी काढलाच नाही. रिक्षात बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "मृणाल, पुढच्या रविवारी ऑफिस उघडं ठेवते. ती नवीन मशीन जरा बाहेर काढायचीय. परत कपाटात ठेवायला मात्र तूच ये, मागच्या वेळेसारखी."